हिलाल आप्पांचा तवा

हिलाल आप्पा खोली दाखवायला निघाले की त्यांच्या एका हातात किल्ली असायची आणि दुसऱ्या हातात तवा. किल्ली ते एखादे वेळी विसरायचे, तवा कधीच नाही. काखेत पिठाचा डबा, खांद्यावरच्या पिशवीत काटक्यांची जुडी आणि तांब्या. नवख्या माणसाला वाटायचं, आपण दलालाऐवजी आचाऱ्याला बोलावून बसलो. मलाही तसंच वाटलं आणि मी तसं बोललोही. माझ्या मनात आलेलं जिभेवर यायला वेळ लागत नाही. या सवयीपायी माझ्या दोन बदल्या झाल्या, त्यातलीच एक सुरतेची.

सदुसष्ट-अडुसष्टचा सुमार असेल. मी अकोल्याकडचा, रेल्वेत कारकून, उधन्याच्या मालधक्क्यावर येऊन पडलो. क्वार्टरच्या यादीत माझा नंबर इतका खाली होता, की तो येईपर्यंत मी निवृत्त झालो असतो. चार सड्या माणसांबरोबर एका खोलीत वळकटी टाकली होती. सुमन, म्हणजे माझी बायको, माहेरी होती आणि प्रत्येक पत्रात न चुकता एक ओळ लिहायची, खोली मिळाली का? धक्क्यावरचे हमाल बहुतेक खानदेशी. त्यांच्यातला एकजण म्हणाला, हिलाल आप्पाला गाठा, पण त्याच्यासमोर राग आवरा. राग आवरायचा म्हणजे काय, ते मला दोन दिवसांत कळलं.

आप्पा पन्नाशीच्या आतबाहेरचे. काटक, सावळे, डोक्यावरची टोपी एके काळी पांढरी असावी. अमळनेरकडचं गाव सोडून ते सुरतेत आले ते कापड रंगवायच्या कारखान्यात. ते काम सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी नखांच्या कडांत निळा रंग राहिला होता. पांडेसऱ्यापासून भेस्तानपर्यंत कुठली खोली कधी रिकामी होणार, हे त्यांना घरमालकाच्या आधी कळायचं.

पहिल्या खोलीत शिरल्याबरोबर त्यांनी मला भिंतीशी बसवलं, स्वतः चुलीपाशी बसले, विस्तव केला आणि कळण्याची भाकरी थापायला घेतली. ज्वारीत उडीद घालून दळलेलं ते पीठ. त्या वासाने मला सकाळपासून पोटात काही नसल्याची आठवण झाली. मी विचारलं, अहो, खोली दाखवताय की जेवायला घालताय? आचारी आहात का दलाल? त्यांनी मान वर केली नाही. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर गेली, टम्म फुगली, आणि मगच ते बोलले.

त्यांचं म्हणणं असं, की खोली डोळ्यांनी बघायचीच नसते. डोळ्यांना नुसता चुना दिसतो. चूल पेटली की धूर कुठं जातो ते कळतं. पीठ मळायला घेतलं की नळ किती लांब आहे ते कळतं. आणि भाकरीचा वास सुटला की शेजार दारात येतो. कोण हसत येतं आणि कोण नाकाला पदर लावून येतं, ते तेवढ्यात बघून घ्यायचं. ज्या खोलीत भाकरी फुगली नाही, ती खोली आप्पा कुणाला लावायचे नाहीत. मालकाने हात जोडले तरी नाही.

भाकरी माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, "आते दोष आयका."

आता दोष ऐका. हे अहिराणी वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की झोपेतही ऐकू यायचं. बाकीचे दलाल खोलीची तारीफ करून घसा कोरडा करायचे, आप्पांचा घसा दोष सांगून कोरडा व्हायचा. त्या खोलीचे सहा निघाले. खाली सांचे चालतात, म्हणजे माग, दिवसभर खटखट. छप्पर एका कोपऱ्यात गळतं. माळ्यावर घुशी आहेत. मालकाची आई दिवसातून चार वेळा वाकून बघते. पायखान्याचं दार आतून लागत नाही, गाणं म्हणत बसावं लागतं. आणि चांगलं गाणं येत नसेल तर शेजारी हसतात. मी सगळ्याला चालेल म्हटलं. त्या दिवसांत मला गोठासुद्धा चालला असता.

मग मालक आला. म्हातारा सुरती, जरीचा धंदा करणारा. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तमे केवा?" जात कोणती, असं विचारायची ही तिकडची पद्धत. सुरतेत घर शोधणाऱ्याला हे दोन शब्द पहिल्या आठवड्यातच शिकावे लागतात. मी काहीतरी गोलगोल बोलायच्या तयारीत होतो, रेल्वेची नोकरी, नियमित पगार, असं. तेवढ्यात आप्पांनी तोंड उघडलं आणि मालकाला माझे दोष ऐकवायला सुरुवात केली. बौद्ध आहेत. रविवारी मटण शिजवतात. बायको यायची आहे, ती कशी आहे ते मला माहीत नाही. आणि हे स्वतः फटकळ आहेत, आत्ताच मला आचारी म्हणाले. मालकाने हात पुढे करून किल्ली परत मागितली.

रस्त्यावर आल्यावर मी आप्पांना नाही नाही ते बोललो. हातातली खोली घालवली, तुम्हाला कुणी विचारलं होतं, अशानं तुम्ही एक दिवस भीक मागाल, इथपर्यंत माझी मजल गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तवा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "आज लपवलं असतं तर खोली मिळाली असती. आठ दिवसांत त्याला कळलं असतं, आणि वहिनींची चूल रस्त्यावर आली असती. ते मी बघितलेलं आहे."

कुठे बघितलं, हे तेव्हा मी विचारलं नाही. राग गेला नव्हता, पण खोली हवी होती, म्हणून त्यांच्या मागून चालत राहिलो. पुढे त्या मालकाच्या आणखी तीन खोल्या रिकाम्या झाल्या. आप्पांनी एकही लावली नाही. विचारलं तर म्हणायचे, त्या खोल्यांत एक मोठा दोष आहे, मालक.

पाचव्या खोलीत माझी भाकरी फुगली. मालकीण मोटीबेन, एकटी राहणारी म्हातारी गुजरातीण. आप्पांनी तिच्यासमोरच मला तिचा दोष सांगितला, की बाई पहाटे उठून भजन म्हणते आणि तिला सूर नाही. मग तिला माझे सगळे सांगितले, जात, मटण, जीभ, काही ठेवलं नाही. मी दाराकडे सरकायलाच लागलो होतो. मोटीबेनने आप्पांकडे बघितलं. मग मला म्हणाली, "आ माणस साचुं बोले छे." हा माणूस खरं बोलतो. आणि मटण दार लावून शिजवायचं, एवढ्या एका अटीवर तिने किल्ली दिली. त्या घरात आम्ही नऊ वर्षं काढली. भजनाच्या बाबतीत आप्पांनी काडीचंही वाढवून सांगितलं नव्हतं.

सुमन आली, घर लागलं, आणि बरोबर महिन्याने भर दुपारी दारातून हाक आली, "पाणी प्यायला आलो." हा त्यांचा दुसरा नियम. दलाली ते खोली लावताना घ्यायचे नाहीत. महिन्याने यायचे, पाणी प्यायचे आणि पिता पिता नळ, धूर, शेजार, सगळ्याची चौकशी करायचे. कुठं बिनसलं असेल तर मध्ये पडून तोड काढायचे, अगदीच जमत नसेल तर दुसरी खोली बघायचे. मगच दलालीचा विषय. आणि दलाली घेतल्यावरही यायचं बंद करायचे नाहीत. लोक त्यांना लग्नाला बोलवायचे, बारशाला बोलवायचे, आणि तिथे जमलेल्या पाहुण्यांतला एखादा हळूच विचारायचा, आप्पा, माझ्या मेहुण्यासाठी एखादी खोली आहे का?

बसायचे मात्र नेहमी दाराकडे तोंड करून. एकदा उन्हाची तिरीप डोळ्यावर येतेय म्हणून सुमनने पाट फिरवून ठेवला, तर त्यांनी तो परत होता तसा केला. म्हणाले, दलालाने दाराकडे पाठ करू नये, गिऱ्हाईक उंबऱ्यावरून परत जातं. मी म्हटलं, आप्पा, हे घर माझं आहे, इथं तुमचं गिऱ्हाईक कुठून टपकणार? ते हसले आणि दाराकडे बघतच पाणी प्यायले.

भुसावळ पॅसेंजरच्या वेळेला ते उधना स्टेशनवर हजर असत. मालधक्क्यावरून मला सगळं दिसायचं. बाकीचे दलाल उतारूंच्या हातातल्या पेट्या ओढत, एकमेकांना कोपराने ढकलत. आप्पा एका ठरलेल्या खांबाला टेकून नुसतं सामान बघायचे. माणसाचं तोंड ते नंतर बघायचे. पत्र्याची पेटी आणि वळकटी असली, की सडा माणूस, कामाला आलाय, त्याला खोली नको, खाट हवी. एक पिशवी असली, की पाहुणा, उद्या परत. पण बाईच्या बोचक्यात पाटा-वरवंटा असला, की ते कुटुंब राहायला आलं. एवढा धोंडा काही कुणी चार दिवसांसाठी डोक्यावर घेत नाही. मग ते खांब सोडून जवळ जायचे, गाव विचारायचे आणि म्हणायचे, भाकरी खाल्ली का? खोलीचं नाव नंतर निघायचं.

खोली लावली की दुसऱ्या दिवशी त्या बाईला बरोबर घेऊन पिठाची गिरणी, रेशनचं दुकान आणि सुईण, एवढी तीन दारं दाखवून आणायचे. पुरुष काय, कुठंही पडून राहतो, म्हणायचे. बाईचा जीव रमला तर घर टिकतं, आणि एक घर टिकलं तर गावाकडून मागून चार येतात. हा धंदा आहे भाऊसाहेब, धर्मादाय नाही, असंही वर सांगायचे. धंदा त्यांना कळत होता, यात शंका नाही.

फक्त तारीफ करायची वेळ आली की त्यांची वाचा बसायची. एका कारखान्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, त्यांच्याकडे आला, जरा ऐटीतला. म्हणाला, दोषबिष नको, मला खोलीचं चांगलं काय ते सांगा. आप्पा चुलीपाशी विचार करत बसले. जॉबर वाट बघतोय, मी वाट बघतोय. शेवटी आप्पा म्हणाले, भिंती चार आहेत. जॉबर उठून गेला. पण आठवड्याने परत आला आणि तीच खोली घेऊन गेला, कारण मधल्या काळात त्याने दुसऱ्या दलालाची 'हवेशीर' खोली बघितली होती आणि तिला खिडकीच नव्हती.

तो दुसरा दलाल स्टेशनसमोर बसायचा आणि छापील कार्डं वाटायचा. हवेशीर, शांत वस्ती, नळ दारात. मला आप्पांची काळजी वाटायला लागली. माझं अक्षर बरं आहे, म्हणून म्हटलं, मी तुम्हाला एक पाटी रंगवून देतो, मजकूर सांगा. त्यांनी सांगितला, 'खोल्या मिळतील. दोष आधी सांगितले जातील.' मी डोक्याला हात लावला, पण लिहून दिलं. रेल्वे फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर ती पाटी लागली. लोक वाचून हसायचे आणि हसता हसता आप्पांचा पत्ता विचारायचे.

त्या पाटीपायी मी मात्र अडकलो. आप्पांना सही येत होती, त्यापुढे लिहिता-वाचता येत नव्हतं. आधी कुणाकुणाकडून पत्रं लिहून घ्यायचे, आता ते पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे यायला लागले. पत्र गावी, तुळसाबाईंना. तुळसाबाई म्हणजे त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं. आप्पांच्या म्हाताऱ्या आईला बघायला त्या गावी राहतात, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण म्हातारी जाऊन वर्ष उलटलं, तरी त्या आल्या नव्हत्या.

पहिलं पत्र मी अजून विसरलो नाही. आप्पा सांगत गेले. खोली पांडेसऱ्याला आहे, ओळीतली शेवटची. नळाला पाणी सकाळी एक तास. शेजारचा खोकतो. वारा फिरला की कारखान्याचा वास येतो. पुढं गटार आहे. चुलीला जाळ धरत नाही, भाकरी फुगत नाही. यावं वाटलं तर ये. तुझा हिलाल. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, आप्पा, हे बायकोला लिहिताय की नगरपालिकेला? असं वाचून कोण येईल?

तेव्हा त्यांनी सांगितलं. तुळसाबाई एकदा आल्या होत्या, अकरा वर्षांपूर्वी, पाटा-वरवंटा डोक्यावर घेऊन. खोली एका दलालाने लावून दिली होती. त्याने आप्पांना सांगितलं, मालक देवमाणूस आहे. आणि मालकाला सांगितलं, ही माणसं कांदासुद्धा खात नाहीत. आठवड्याभरात बाईंनी हौसेने नवऱ्यासाठी मटण केलं. संध्याकाळी आप्पा कामावरून आले, तर चूल, पीठ, कालवण, सगळं रस्त्यावर, आणि त्या पसाऱ्यात तुळसाबाई खाली मान घालून बसलेल्या. सगळी गल्ली उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने त्या परत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, की पुन्हा मला खोटं सांगून बोलावू नका. पाटा-वरवंटा त्या घेऊन गेल्या. तवा राहिला.

मी त्यांच्या मांडीजवळच्या तव्याकडे बघितलं. तोच हा तवा.

"तिला मी त्यानंतर एक अक्षर खोटं कळवलं नाही," आप्पा म्हणाले. "सगळ्यांना खोल्या लावल्या, भाऊसाहेब. हिला एकदा लावता आली पाहिजे."

मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी करून बसतो. पुढच्या वेळी आप्पा पत्र सांगत गेले आणि मी लिहीत गेलो, पण त्यांनी सांगितलेलं लिहिलं नाही. लिहिलं, की खोली झकास आहे, वारा छान येतो, नळ दारातच आहे, शेजार प्रेमळ आहे, आणि मी तुझी वाट बघतो. शेवटचं वाक्य सोडलं तर सगळ्या थापा. आप्पांनी खाली विश्वासाने सही केली आणि पत्र पेटीत टाकलं. सुमनला मोठ्या फुशारकीने सांगितलं, तर ती म्हणाली, म्हणजे तुम्ही स्टेशनसमोरच्या दलालाचं कार्डच लिहिलंत की. मला ते झोंबलं, पण पत्र गेलेलं होतं.

आठवडा झाला असेल. दुपारची पॅसेंजर लागली. मी धक्क्यावर, आप्पा त्यांच्या खांबाशी. एक बाई उतरली. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात एक कापडी पिशवी. आप्पांनी सवयीने सामान बघितलं, पाहुणी ठरवली आणि नजर पुढच्या डब्याकडे नेली. मग ती नजर परत आली. ते खांबाला धरूनच उभे राहिले.

बाई सरळ त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आप्पांचे हात बघितले, पाय बघितले, डोळ्यांत निरखून बघितलं. म्हणाल्या, "बरा शेतस ना?"

बरे आहात ना? मग पिशवीतून माझं पोस्टकार्ड निघालं. गावच्या मास्तरांकडून त्यांनी ते तीनदा वाचून घेतलं होतं. अकरा वर्षांतलं हे पहिलं पत्र, ज्यात एकही दोष नव्हता. त्यांनी ओळखलं, की हे आपल्या माणसाचं बोलणं नाही. एक तर माणूस अंथरुणाला खिळलाय आणि दुसराच कुणी आपल्या मनाने लिहितोय, नाहीतर त्याचं डोकं फिरलंय. म्हणून मिळेल त्या गाडीने बघायला आल्या. आता बघितलं, माणूस धडधाकट आहे. संध्याकाळच्या गाडीने त्या परत जाणार होत्या.

आप्पा माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "अकरा वर्षं सांभाळलं होतं हो."

मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या एका गोष्टीसाठी ती बाई इतकी वर्षं अडून बसली होती, नेमकं तेच मी केलं होतं, तेही सुंदर अक्षरात. मी हात जोडून तुळसाबाईंना सांगितलं, की चूक माझी आहे, यांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांनी पोस्टकार्ड परत पिशवीत ठेवलं. आप्पाच मग म्हणाले, गाडीला वेळ आहे, आलीच आहेस तर खोली बघून जा. आणि मला म्हणाले, चला, तुमची झकास खोली तुम्हालाही दाखवतो.

खोली पत्रातल्यासारखीच होती. त्यांच्या पत्रातल्यासारखी, माझ्या नव्हे. गटार होतं, वास होता, भिंतीपलीकडून खोकला येत होता. आत सामान म्हणाल तर एक वळकटी आणि दोन डबे. तुळसाबाई भिंतीशी बसल्या, जिथं गिऱ्हाईक बसतं तिथं. आप्पांनी पिशवीतून तवा काढला. बाईंनी तो बघितला, आणि पदराने उगाचच तोंड पुसलं.

आप्पा चुलीपलीकडे बसले, पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. इतक्या लोकांसमोर इतक्या खोल्यांत भाकरी थापलेला माणूस, त्याची भाकरी दोनदा मोडली. वारा दारातून सरळ आत यायचा आणि जाळ आडवा व्हायचा. तिसरी भाकरी कशीबशी तव्यावर गेली, तिथून निखाऱ्यावर, आणि तशीच पडून राहिली, सपाट. आम्ही तिघेही तिच्याकडे बघत होतो.

आप्पांनी भाकरी बाजूला ठेवली. ठरलेल्या आवाजात म्हणाले, "आते दोष आयका." आणि पुढचं त्यांच्या तोंडून येईना.

तुळसाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. "आयकेल शेतस," त्या म्हणाल्या. "अकरा वरीसपासून आयकी ऱ्हायनू."

ऐकलेले आहेत. अकरा वर्षं ऐकतेच आहे. मग त्या उठल्या. दाराकडे बघितलं, चुलीकडे बघितलं, परत दाराकडे बघितलं. म्हणाल्या, वारा इथून येतो. आणि दार आणि चूल यांच्यामध्ये, दाराकडे पाठ करून, त्या खाली बसल्या. पदर खोचला, आप्पांपुढची पिठाची परात ओढून घेतली. जाळ सरळ उभा राहिला. त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, उलटली, निखाऱ्यावर ठेवली, आणि ती टम्म फुगली.

एवढाच दोष होता त्या खोलीत. आप्पा दाराकडे तोंड करून बसायचे, त्यामुळे दार आणि चूल यांच्या मध्ये कधी कुणी नसायचंच. गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून दाराकडे बघतो, असं ते आम्हाला सांगत आले आणि आम्हीही ते खरं मानत आलो. ते इतकी वर्षं कुणासाठी बघत होते, ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी गटार बघायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळच्या गाडीने तुळसाबाई गेल्याच. आप्पा त्यांना गाडीत बसवून सरळ निघून गेले. पुढचा आठवडाभर ते माझ्याकडे फिरकले नाहीत, आणि सुमनही माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. मी रोज पॅसेंजरच्या वेळेला धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहायचो. आप्पा रोज खांबाशी असायचे, आणि गाडी गेली की तवा उचलून चालायला लागायचे.

नवव्या दिवशी बाई उतरल्या. डोक्यावर बोचकं होतं, आणि त्याच्या ओझ्याने मान ताठ झाली होती. त्या दिवशी आप्पांनी सामान बघितलंच नाही. खांबापाशी तवा टाकून ते धावत गेले. तवा मी उचलून त्यांच्या घरी पोचवला, तेव्हा बोचक्यातून पाटा निघत होता.

मग महिना गेला. ही खोली एका परीने मी लावली होती, खोटं बोलून का होईना. नियमाप्रमाणे पाणी प्यायला जाणं भागच होतं. रविवारी दुपारी गेलो. दार उघडं होतं. कोपऱ्यात पाटा मांडला होता, त्यावर ओला वरवंटा. तुळसाबाई दाराकडे पाठ करून भाकरी करत होत्या आणि आप्पा पलीकडे जेवत होते. तोंड दाराकडेच होतं, सवय ती सवय. मी उंबऱ्यात उभा राहिलो. खाकरलो. पुन्हा एकदा खाकरलो. आप्पा मान हलवत काहीतरी सांगत होते, बहुधा भाकरीत मीठ कमी असल्याचा दोष, आणि बाई पाठमोऱ्या हसत होत्या.

समोर उभा असलेला माणूस त्यांना दिसला नाही. मी चपला न वाजवता मागे फिरलो आणि घरी येऊन सुमनकडे पाणी मागितलं.